केळीचे झगे

केळीचा घड निसवून बाहेर पडला की त्याला उन्हापासून झाकावं लागतं. आमच्या तापीकाठच्या गावांत हे काम बायांकडे असायचं, आणि आमच्या वावरात माझ्या आईकडे. केळीचीच वाळलेली पानं ती खाली ओढून घ्यायची, घडाभोवती एकावर एक गुंडाळायची आणि खोडाच्या वाळक्या सालीची दोरी भिजवून वर सैल गाठ मारायची. गाठ सैलच पाहिजे, कारण घड वाढतो. घट्ट बांधलेली दिसली की ती म्हणायची, "पोरना गळामा फास बांधा का रे हाऊ?" आणि पुन्हा सोडून बांधायची.

त्या बागेचा आवाज माझ्या कानात अजून आहे. दुपारी वारा सुटला की सगळे झाकलेले घड एकदम कुरकुरायला लागायचे, जणू कुणी वाळलेल्या धान्यावरून चालतंय. पानांच्या घड्यांत काय काय राहायचं! बेडूक, गांधीलमाश्या, एखादा चुकार सुरवंटाचा कोष. एकदा घड कापताना आतून शेंदरी रंगाचं, अंगठ्याएवढं वटवाघूळ निघालं. मी काडी उचलली, तर आईने मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे त्याले. त्याना दिवस रातले निंघस." तो घड आम्ही दोन दिवस उशिरा कापला. व्यापाऱ्याची गाडी आली तेव्हा आईने त्याला सरळ सांगून टाकलं, तो घड नंतर. त्याने कारण विचारलं. तिने सांगितलं. तो मला वाटतं अजून हसत असेल.

हे सगळं मी प्रेमाने लिहितोय, पण मला जे सांगायचंय ते हे नव्हे. मला मूळ गोष्टीकडे यायला नेहमीच वेळ लागतो. वीस-बावीस वर्षं लागलीत.

वडील गेल्यावर शेती माझ्याकडे आली. तेव्हा मी तिशीतला होतो आणि मला सगळं नवं करायचं होतं. उतीसंवर्धित रोपं, ठिबकच्या नळ्या, विद्राव्य खतं. एका प्रात्यक्षिकाला गेलो होतो, तिथे घडांना प्लास्टिकच्या निळ्या पिशव्या घातलेल्या पाहिल्या. खालून मोकळ्या, वरून बांधलेल्या. आतली केळी पाहून मी थक्क झालो. एक डाग नाही, एक ओरखडा नाही. मी शहाद्याहून गठ्ठेच्या गठ्ठे आणले. आमच्या गावात त्या पहिल्या माझ्याच.

आई बांधावर उभी राहून पाहत होती. "केळीले झगा घाली ऱ्हायना का भाऊ?" ती म्हणाली. "आते टिकली बी लाव, मंग पाव्हणा येतीन देखाले."

त्या दिवसापासून गावात त्यांना झगेच म्हणतात. पुढच्या दोन हंगामांत निम्म्या गावाने झगे घातले. लोक मला विचारायला येत. मी सांगायचो, मला छान वाटायचं. आईचं काम संपलं होतं. ती घरी बसून कुणाच्या तरी वाती वळायची. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

घालायचं कसं हे सगळ्यांना शिकवलं, काढल्यावर करायचं काय हे मीही शिकलो नव्हतो. कापणी झाली की झगे चिकाने माखलेले, फाटलेले, कधी आत दोनचार कुजकी केळी तशीच. आम्ही ते सगळं वावराच्या कडेच्या नाल्यात ढकलायचो. पावसात नाला येईल, तापीत नेईल, तापी पुढे कुठे नेते ते तिचं तिला माहीत. हा माझा विचार होता, आणि तो मला तेव्हा विचार वाटायचा.

आमच्या घरासमोरच एक घर आहे, त्याबद्दल आता सांगतो. त्या घरात एक म्हातारी होती, तिला मी मोठमाय म्हणायचो. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता, माझा दोस्त. त्याची बायको, वहिनी, तिच्या लग्नाला दहाएक वर्षं झाली होती. आणि मोठमायची एक म्हैस होती. कपाळावर पांढरा ठिपका, दूध इतकं की मोठमाय तिचं कौतुक मुलाच्या कौतुकाच्या आधी करायची.

एका दुपारी मी नाल्याकडे गेलो तर ती म्हैस झग्यांच्या ढिगात तोंड घालून उभी. कुजक्या केळ्यांच्या गोड वासाला आलेली. केळ्यांबरोबर पिशव्याही चघळत होती. तिच्या तोंडातून एक निळी पट्टी लोंबत होती. मी धावत जाऊन ती पट्टी धरली आणि ओढली. हातभर आली, मग तुटली. बाकीची आत गेली. किती गेली होती कोण जाणे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चघळत राहिली.

यानंतर मी काय केलं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. म्हशीला हाकलून गावच्या रस्त्याला लावलं. मग फावडं आणलं आणि ढिगावर माती ओढली.

तीन दिवसांनी म्हशीचं दूध आटलं. मग चारा सोडला, मग रवंथ बंद झालं. पोट एका बाजूने फुगलं. शहाद्याहून जनावरांचे डॉक्टर आले. गोठ्यात सगळे उभे होतो, मीही होतो. डॉक्टरांनी विचारलं, "चाऱ्यात काही बदल केलाय का?"

मी तोंड उघडायच्या आत मोठमाय बोलली. खरं सांगायचं तर मी तोंड उघडणार नव्हतो. "डाक्टर, हाई वहूनी जुवारीना कोंबं कापी आनात व्हतात. मी घर नही व्हती."

कापलेल्या ज्वारीच्या बुंध्याला फुटलेले कोवळे कोंब जनावराला विषारी असतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. वहिनी एकदम म्हणाली, "उन्हमा वाळाडीसन टाकात व्हतात, माय. दोन दिन वाळाडात." कुणी ऐकलं नाही. डॉक्टरांनी औषध दिलं, इंजेक्शन दिलं, बाहेर जाताना नकारार्थी मान हलवली.

आठव्या दिवशी म्हैस गेली. तिला पुरायला खड्डा मी खणला, माझ्या दोस्ताबरोबर, भर उन्हात, तळहाताला फोड येईपर्यंत. मोठमायने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "शेजारी असा जोयजे," ती सगळ्यांना सांगत होती.

वहिनीला दोन महिने माहेरी पाठवलं. परत आली तेव्हा मोठमायने चाऱ्याचा विळा स्वतःजवळ ठेवला तो ठेवलाच. गल्लीत बोललं जायला लागलं की हिचा हात जनावराला लाभत नाही. पोळ्याला बैलांना ओवाळून घास द्यायचा तो घरच्या सुनेने. त्यांच्या घरी तो घास दरवर्षी चुलत जाऊ येऊन द्यायची आणि वहिनी ताटातलं पाणी घेऊन मागे उभी राहायची. माझ्या ओसरीतून ते दार समोर दिसतं. मी एकही पोळा चुकवला नाही. पाहायचो आणि आत यायचो.

कितीदा सांगावंसं वाटलं. एकदा आईला सांगणार होतो, तर ती म्हणाली, "काय व्हयनं, तोंड असं काब्रं?" आणि मी म्हणालो, "काही नही, ऊन लागनं." मग आईही गेली.

त्यानंतर मी जे करत गेलो त्याचं लोकांना कौतुक वाटतं. मी आधी नाल्यातले झगे काढले. तीन पावसाळे झाले होते तरी जसेच्या तसे, फक्त निळ्याचे पांढुरके झालेले. हात लावला की काहींचा चुरा व्हायचा आणि तो चुरा बोटांना चिकटायचा. पोती भरून भंगारवाल्याकडे नेली. तो म्हणाला, "शेठ, धोके लाओ." मग मी ते हौदात धुवायला लागलो. घडावरून झगा फाडून न काढता गाठ सोडून काढला, तर तो पुढच्या हंगामाला चालतो. दोन हंगाम सहज. मजुरांना मी हे इतक्यांदा सांगितलं की ते मला पाहिलं की आधीच गाठ सोडायला लागतात. ठिबकच्या जुन्या नळ्या आधी आम्ही जाळायचो, काळा धूर व्हायचा, घसा धरायचा. ते बंद केलं. पालापाचोळा जाळणंही बंद केलं, तो केळीच्या ओळींत पसरला. जमीन भुसभुशीत झाली, पाणी कमी लागायला लागलं. अर्ध्या बागेला मी पुन्हा वाळकी पानं बांधतो. बांधणाऱ्या बाया आता दोनच उरल्यात, त्यांच्याकडून मी शिकलो. माझी गाठ अजून घट्टच बसते.

बाजाराला कापडी पिशवी, लग्नाच्या पंगतीला घरचा स्टीलचा ग्लास. सुरुवातीला लोक चिडवायचे. "काय भो, ग्लासले बी लगनमा आना का?" एकदा पंगतीत वाढप्याने माझ्या ग्लासात मठ्ठा ओतला आणि म्हणाला, "ह्या ग्लासमा पुण्य जास्त माव्हस." सगळी पंगत हसली. मीही. नंतर तेच लोक आपापले ग्लास आणायला लागले. निदान पाचसहा तरी.

मी वाचायला लागलो. समुद्रातलं प्लास्टिक, वितळणारा बर्फ, वाढतं तापमान. आमच्याकडे ते वाचायची गरज नव्हती. एप्रिलचं ऊन पूर्वी घडाला झळ लावायचं, आता आडवं करतं. झगे घालूनही केळी आतून शिजल्यासारखी होतात. एका जगातला धूर दुसऱ्या जगात ऊन होऊन येतो हे मला बागेत उभं राहून समजलं. पण मी हे सगळं बोलायचो ते लांबचं बोलायचो. समुद्राचं बोलायचो, बर्फाचं बोलायचो. लांबचं बोलताना कुणी आपल्याकडे बोट दाखवत नाही. गावात मला 'पर्यावरणवाले' म्हणायला लागले आणि मी ते म्हणू दिलं.

यंदा शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात गुरुजींनी बोलावलं. पर्यावरण दिन सुट्टीत येऊन गेला होता, तो आता करायचा होता. वर्गाबाहेरच्या पटांगणात पोरं बसली, मागे पालक. मी बोललो. प्लास्टिक कुठून कुठे जातं ते सांगितलं, नाल्यातून नदी, नदीतून समुद्र. समुद्रात कासवं असतात, त्यांना पिशवी खाण्यासारखी वाटते, ती गिळतात, पोट भरल्यासारखं वाटून मग त्यांना खरं अन्न खाववत नाही. पोरं गप्प झाली होती. माझं बोलणं चांगलं होत होतं.

संपल्यावर गुरुजी म्हणाले, कुणाला काही विचारायचंय? मागच्या ओळीतून वहिनी उभी राहिली. नातवाला पोहोचवायला आली होती, तशीच थांबली होती. डोक्यावरचा पदर तिने सारखा केला.

"भाऊ, एक इचारू का? कासवनं समजनं. म्हैसना पोटमा हाई पिशवी गयी ते ती लगेच मरस, का झुरी झुरी मरस?"

पोरं हसली. कासवाच्या गोष्टीत म्हैस आली म्हणून.

मी म्हणालो, "ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारावं लागेल."

"दूध पह्यले बंद व्हस ना? मंग रवंथ? मंग पोट एक बाजूनं फुगस?"

"असेल," मी म्हणालो. "तसं असू शकतं."

"माले काब्रं इचारनं पडनं, सांगू?" ती माझ्याकडे नाही, गुरुजींकडे पाहत होती. "कोवळी जुवार लागनी ते जनावर तासभरमा जास. मन्हा माहेरले गाय गयी तशी, मन्हा डोयासमोर. आठ दिन नही ऱ्हात जनावर."

"फार छान प्रश्न," गुरुजी म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लावल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायलो. ती नातवाच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेली.

चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. ऊन लागलं असं सगळ्यांना सांगितलं. सवयीचंच कारण. बायकोने कैरीचं पन्हं केलं आणि म्हणाली, "तुमचं ऊन आतलंय." ती जास्त विचारत नाही. पंचवीस वर्षांत शिकलीय ती.

पाचव्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी समोर गेलो. वहिनी अंगणात सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. मोठमाय जाऊन सहा वर्षं झालीत, तिची बाज अजून तिथेच भिंतीला उभी आहे. मी उभ्यानेच बोललो. भाषण करताना मी पुस्तकी मराठीत बोलतो, तिथे मला ते सुचलं नाही. "वैनी, तुम्हनी म्हैस जुवारीनी नही मरनी. मन्हा झगासनी मरनी. मी देखं व्हतं. तिना तोंडमाइन मी पट्टी वढी व्हती."

सूप हलायचं थांबलं नाही.

"कव्हयपाइन माहित व्हतं?"

"त्याच दिनपाइन."

"खड्डा खंदा त्या दिन बी?"

"हा."

तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "शाळामा तुम्हनं तोंड देखं, तवयच समजनं माले." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "मी वाळाडात व्हतात कोंबं. दोन दिन. पण इतला वरीसमा मालेच भरोसा नही ऱ्हायना. कधी वाटे एकच दिन वाळाडात. कधी वाटे वाळाडातच नहीत. कोनी रोज सांगं ते मानूसले तेच आठवस."

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. तिने हात वर केला.

"डोकरीले सांगाले जोयजे व्हतं. मरतीखेपे बी ती म्हणनी, गोठामा हिले जाऊ देऊ नका." ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. "आते माले एकलीले सांगीसन काय व्हई? घरमा चाला. त्यास्ले सांगा."

मी म्हणालो, संध्याकाळी येतो. ती दारात उभी राहिली, एका बाजूला, मी आत जाईपर्यंत.

माझा दोस्त आत पंख्याखाली बसून मोबाइलवर केळीचे भाव पाहत होता. त्याची सूनबाई ओट्यापाशी कणीक मळत होती. "ये भो," तो म्हणाला, "शाळामा तुन्हं भाषण गाजनं म्हणे. कासव बिसव."

मी त्याला सगळं सांगितलं. नाला, निळी पट्टी, फावडं, माती. काहीही मागे ठेवलं नाही. सांगताना मला जाणवलं की हे मी मनात इतक्यांदा जुळवलंय की वाक्यं पाठ आहेत, आणि त्याचीही लाज वाटली. सूनबाईचे हात परातीत थांबले होते.

दोस्ताने मोबाइल पालथा ठेवला. "खड्डा तू खंदा व्हता मन्हासंगे," तो म्हणाला. "मन्हा हातले फोड उनात, तू तुन्हा रुमाल दिधा." एवढंच त्याला पुन्हा पुन्हा म्हणावंसं वाटत होतं. "रुमाल दिधा तू."

मी मान खाली घातली. तो मला शिव्या देईल असं मला वाटत होतं. मी त्या घ्यायला आलो होतो. त्याने दिल्या नाहीत. कारण मध्येच त्याची नजर दाराकडे गेली, तिथे वहिनी उभी होती, आणि त्याला आठवलं असावं, जे मला त्या दिवशी गोठ्याच्या भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं. म्हैस गेली त्या सकाळी त्याने तिच्यावर हात उचलला होता. गल्लीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं आणि कुणीही गेलं नव्हतं. मी तर नाहीच.

"तुम्ही बी काही बोला," वहिनी त्याला म्हणाली.

तो पंख्याकडे पाहत राहिला, मग स्वतःच्या पायांकडे. ते गप्प बसणं मला फार ओळखीचं होतं. मला वाटलं त्याच्याऐवजी आपणच काहीतरी बोलावं, सावरून घ्यावं. झगे आता मी कसे धुतो, नाला कसा साफ केला, हे सांगावं. जीभ तिथवर आलीही होती.

"सूनबाई," वहिनी म्हणाली, "वाड्यामा जाय, वासरूले पानी देखी ये." ती गेली. मग वहिनी माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. "तुम्ही बी जा भाऊ. तुम्हनं सांगी झायं. आते आम्हनं बोलनं ऱ्हायनं शे."

मी चपला घातल्या. अंगणात सुपातली डाळ तशीच पडली होती, तिच्यावर चिमण्या उतरल्या होत्या. फाटकाशी पोहोचलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला, फार हळू, अडखळत. काय म्हणाला ते ऐकायला मी थांबलो नाही.